चि. मुक्तास, गुलमर्गला

दादर,
16 जानेवारी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सारखी रेंज जात होती, म्हणून राहिलेलं लिहून पाठवते. तिळाच्या वड्यांचा डबा आज कुरिअरने निघाला. त्यात आजीने विणलेले मोजेही आहेत. तिने दोन जोड केले होते, एकावर एक घालायला. स्कीच्या बुटात एकच पातळ जोड घालायचा, दोन घातले की पाय आवळतो, रक्त खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात, हे तिला पटायला दोन दिवस लागले. तिच्या लेखी थंडी म्हणजे 1962 च्या जानेवारीतली, सांताक्रूझला पारा 7.4 वर उतरला होता तेव्हाची. तिकडे चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातले सगळ्यात कडक थंडीचे चाळीस दिवस, चालू आहे म्हटल्यावर ती गप्पच झाली. मोजे रात्री झोपताना घाल.

आता तू स्की शिकवतेस त्या अकरा वर्षांच्या मुलाबद्दल, ज्याचं तू काल फोनवर सांगितलंस. तीन दिवस तो सरावाच्या उतारावर उभा राहतो आणि स्की सरकली की मागे रेलतो. रेलला की स्कीवरचा ताबा जातो आणि तो पाठीवर आपटतो. तू म्हणालीस, "आई, सगळे त्याला पुढे वाक म्हणतात, पण पुढे त्याला खोल उतार दिसतो, तो वाकेल कसा?" रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. मल्लखांब शिकवताना मी इतकी वर्षं हेच बघत आले. घाबरलेलं मूल खांबापासून अंग लांब धरतं, पकड ढिली पडते आणि पायांची अढी सुटते. अंग लाकडाला चिकटवलं तरच ते टिकतं, पण भीती नेमकं उलटं करायला लावते.

तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. व्यायामशाळेत माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा होता. स्पर्धा आठ दिवसांवर आली होती आणि तो वरून उडी टाकायला घाबरत होता. मी खालून ओरडले, "सगळे बघतायत, सोड हात!" त्याने सोडला. गादीवरच पडला, पण हात टेकून, आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, मुलगा मात्र परत आला नाही. पुढे त्याची आई मला बाजारात भेटली. माझ्याशी अगदी नीट बोलली, तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून नवीन मूल आलं की मी आधी त्याला गादीवर पडायला शिकवते. हात न टेकता, कुशीवर लोळत.

म्हणून माझं ऐक. एक दिवस त्याला उतरवूच नकोस. जवळजवळ सपाट जागी ने आणि मुद्दाम पाड, कुशीवर. मग स्की उताराला आडव्या करून स्वतःचं स्वतः उठू दे. तू हात देऊ नकोस. दहा वेळा पडून उठला की पडण्याची ओळख होते. त्यानंतरही "पुढे वाक" म्हणू नकोस. नडगी बुटाच्या जिभेला टेकतेय का, एवढंच विचार. उतार डोळ्यांना दिसतो, नडगी पायाला कळते. आणि तू त्याच्या खालच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड करून उभी राहा, म्हणजे उताराऐवजी त्याला तू दिसशील.

संध्याकाळी मुलांना आरिफ खानची गोष्ट सांगतेस ना? तिथल्याच उतारांवर शिकलेला मुलगा 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेला, भारताचा एकटा खेळाडू. जायंट स्लालममध्ये, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, 45 वा आला, हा आकडा लपवू नकोस. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि जवळपास निम्मे स्पर्धक खालपर्यंत पोचलेच नाहीत. आरिफ पोचला.

बाबा स्वतः बोलायचे नाहीत, म्हणून त्यांचंही मीच लिहिते. सुट्टीच्या दिवशी गोंडोलाने, त्या दोरावरच्या पाळण्याने, वर अफरवटच्या डोंगरावर गेलीस तरी आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ नकोस. 2023 च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, 2024 च्या फेब्रुवारीत एक रशियन. बाबांनी दोन्ही बातम्या मला वाचून दाखवल्या होत्या. रात्री भरपूर बर्फ पडतो, सकाळी लख्ख ऊन निघतं, आणि मन ओढ घेतं तोच दिवस धोक्याचा असतो. बीकन, ते सिग्नल देणारं यंत्र, अंगावर आहे म्हणून धीर करू नकोस. गाडलेलं माणूस कुठे आहे एवढंच ते सांगतं. उकरून काढायला सोबत्यांच्या हाती जेमतेम पंधरा मिनिटं असतात.

फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव, थंडीत बॅटरी भरभर उतरते. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नकोस. आणि तो मुलगा उतरला की त्याच रात्री कळव, कितीही उशीर झाला तरी चालेल. मी जागी आहे.

तुझी,
आई