चिरंजीवास, क्लासच्या पैशांबद्दल

प्रिय पिंट्या,

परवा फोनवर तू सायबर सिक्युरिटीच्या क्लासच्या एक लाख दहा हजारांचं म्हणालास आणि मी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला, तर तुला राग आला असणार. म्हणून हे लिहायला घेतलं. बाबा झोपलेत, मी किचनमध्ये बसलेय, मोबाईलवर टाइप करतेय तर चुका समजून घे.

पैसे नाहीत असं नाहीये. एफडी मोडता येईल. पण "शंभर टक्के प्लेसमेंट" असं पोस्टरवर लिहिणाऱ्या क्लासला मोडायची का, एवढाच माझा प्रश्न आहे. सव्वीस वर्षं कॅश काउंटरवर बसलेय मी, शंभर टक्के म्हणणारा माणूस समोर आला की माझा हात आपोआप ड्रॉवरवर जातो.

दिवाळीत तू तो बँडिट नावाचा गेम खेळत होतास ना काळ्या स्क्रीनवर, फुकटचा, ज्यात एका लेव्हलमधला पासवर्ड शोधला की पुढची उघडते. दुसऱ्याच पायरीला अडकलास. फाईलचं नावच नुसतं एक डॅश होतं आणि कॅट (म्हणजे फाईल दाखव असा हुकूम) लिहून पुढे डॅश दिला की कॉम्प्युटर आपला गप्प वाट बघत बसायचा, ना एरर ना काही. चहा गार झाला, मी दोनदा हाक मारली, आणि मग एकदम ओरडलास, "आई, आधी डॉट आणि स्लॅश टाकायचा, मग त्याला कळतं ही फाईल आहे!" मला ओ की ठो कळलं नाही पण तुझा चेहरा बघून वाटलं, याचं होईल बहुतेक. आता मला सांग, त्या एक तासाचे क्लासवाल्याने किती घेतले असते?

मला तुझ्या फील्डमधलं काय कळतं म्हणशील. थोडं कळतं रे. 2018 च्या ऑगस्टमधे पुण्यात कॉसमॉस बँकेचं झालं तेव्हा आमच्या छोट्या बँकेत पण लोक येऊन विचारत होते, ताई आपले पैसे आहेत ना. साधारण 94 कोटी गेले, 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत रोकड काढली, आणि हाँगकाँगला पैसे वळवले ते पण त्यातच. आमच्या साहेबांनी तेव्हा जे समजावलं ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, आपल्याकडे विड्रॉल स्लिप आधी पासिंग ऑफिसरकडे जाते, तो खातं बघतो, सही जुळवतो, मग तुम्ही कॅश देता. एटीएमचं पण तसंच, तिथं पासिंगला स्विच नावाची एक कॉम्प्युटर सिस्टीम असते. चोरांनी काय केलं तर खऱ्या पासिंग ऑफिसरच्या अलीकडे स्वतःचा एक खोटा माणूस बसवला जो प्रत्येक स्लिपला पास, पास, पास म्हणत गेला. खात्यात पैसे आहेत का हे खऱ्याला कुणी विचारलंच नाही!! तिजोरी फोडलीच नाही कुणी.

तेव्हापासून मला वाटतं की तुझं काम आणि माझं काम एकच आहे, फक्त तुझा पगार जास्त असेल.

तू लहान असताना एकदा मी रात्री साडेनऊला घरी आले होते, आजीने तुला दूधभात भरवला होता, आठवतं का. त्या दिवशी 900 रुपये शॉर्ट. स्वतःच्या खिशातले घालून मेळ लावता आला असता, लोक लावतात. पण आमच्या जुन्या हेडकॅशियरांनी शिकवलं होतं, फरकाला 9 ने भाग जातो का बघा, जात असेल तर बहुतेक आकडे उलटे पडलेत. म्हणून एक एक व्हाउचर परत काढलं आणि सापडलं, 5,400 दिले होते आणि लिहिले होते 4,500. असला कंटाळवाणा प्रकार आहे सगळा. आणि तू मला मागे सांगितलंस ना, 2024 मधलं, तो मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर, लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून मागे लागला आणि त्या एक्सझेड का काय नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधे कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमवून घातलेलं चोरदार त्याला सापडलं. अर्धा सेकंद! मला तर तो माझ्या हेडकॅशियरांचाच भाऊ वाटला.

तुझ्या रील्समधे मात्र सगळे हुडी घालून हॅक करतायत. पहिली नोकरी सॉकमधे, म्हणजे कंपनीच्या सिस्टीमवर चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या टीममधे, लागली तर नाईट शिफ्टला बसून ॲलर्ट वाचायचेत, शंभरातले बरेचसे फुसके, हे तूच म्हणाला होतास. म्हणून म्हणते आधी नेटवर्किंग नीट कर, कॉलेजच्या सेमला काठावर पास झालास त्यात. वायरशार्क उघडून स्वतःच्याच मोबाईलचं ट्रॅफिक, म्हणजे नेटवरून काय येतं-जातं ते, बघ, लिनक्स रोज वापर, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटीची अकॅडमी फुकट आहे असं तुझा मामेभाऊ म्हणतो, ती पूर्ण कर. आणि जे केलंस ते लिहून ठेव. त्या ओएससीपीच्या, म्हणजे हॅकिंगच्या सर्टिफिकेटच्या, परीक्षेत जवळजवळ चोवीस तास त्यांनी दिलेल्या मशीनमधे शिरून झाल्यावर पुढच्या चोवीस तासांत रिपोर्ट द्यावा लागतो म्हणे, आणि तुझं लिखाण म्हणजे आनंदच आहे.

हां, आणि ते रूममेटच्या वायफायचं हसत हसत सांगितलंस ते मला आवडलं नाही. मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरलं की आयटी ॲक्टचं कलम 66 लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत आहे ते. गंमत होती हे पोलिसांना सांगून बघ. सराव घरच्या मशीनवर नाहीतर त्या सरावाच्या साइटवर.

तर क्लासचे पैसे आत्ता नाही. पण लॅपटॉपची रॅम 8 ची 16 करायची म्हणत होतास ना, दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे सरावाचे कॉम्प्युटर) एकदम चालत नाहीत म्हणून, ती करून घे, पावती पाठव, मी लगेच जीपे करते. सहा महिन्यांनी बँडिट संपलेला दाखव, मग सर्टिफिकेटच्या परीक्षेच्या फीचं बोलू.

चिवडा आणि तिळाची चटणी एसटीने पाठवलीय, डबा परत आण.

आणि एक. ते "आज रात्री वीज कट होणार" वाला मेसेज आला होता ना, तू विचारलंस आणि मी कुणी काही केलं नाही म्हणाले. बाबांनी त्या नंबरला फोन लावला होता. ॲप टाकायला लागले तेवढ्यात मी मोबाईल काढून घेतला, पैसे काही गेले नाहीत. पण तू आलास की त्यांचा फोन एकदा नीट बघ, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नको.

तुझी,
आई