ताई, त्या रात्रीसाठी मनापासून आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

परीक्षा आटोपल्या, म्हणून आज सवडीने लिहितोय. ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कॉलेजचं नेटवर्क बसलं आणि मी लॅबमधले पीसी एकामागून एक रीस्टार्ट करत सुटलो. तुम्ही आलात, पीसी एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या रॅककडे नुसतं पाहिलंत आणि म्हणालात, "सगळे दिवे एका तालात लुकलुकतायत. लूप आहे, कुठेतरी केबलचं वर्तुळ झालंय."

टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून, स्विचमध्ये शिरता येईना, म्हणून तुम्ही थेट स्विचला कन्सोल केबल जोडली. लॉगमध्ये एकच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) घडीत या पोर्टवर, घडीत त्या पोर्टवर. मग अपलिंक, म्हणजे मजल्यामजल्यावरच्या स्विचकडे जाणाऱ्या केबल, एकेक काढत गेलो. दुसऱ्या मजल्याची काढली आणि दिवे निवले. तिथे टेबलाखाली आठ पोर्टचा छोटा स्विच होता, एकाच केबलची दोन्ही टोकं त्यातच खोचलेली. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाला, आयपीसारखा टीटीएल (किती टप्प्यांनंतर संपायचं याचा आकडा) नसतो, त्यामुळे एकदा अडकलेला ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेला संदेश) केबल उपसेपर्यंत फिरत राहतो, हे तुम्ही तिथेच जमिनीवर बसून समजावलंत.

केबल निघाली तेव्हाच तुम्ही घरी जाऊ शकला असतात. पण आमच्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून जादा मार्ग बंद ठेवणारी व्यवस्था) कुणीतरी बंद करून ठेवलं होतं, ते पाहून तुम्ही थांबलात. १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईंनी ते शोधलं, हे सांगताना तुमच्या आवाजातला अभिमान मला अजून आठवतो. सगळ्या कमांड तुम्ही माझ्याकडूनच टाइप करून घेतल्यात. पीसीच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारं) आणि बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा संदेश, म्हणजे बीपीडीयू, आला की पोर्ट बंद करणारा), अपलिंकवर मात्र दोन्ही नाहीत. काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळून टाकतात, मग गार्डला पत्ताच लागत नाही; त्यासाठी स्टॉर्म कंट्रोल, म्हणजे ब्रॉडकास्टवर मर्यादा. तेही अंदाजाने नाही. आधी रोजचा ब्रॉडकास्ट किती ते काउंटरवर पाहायला लावलंत, मग १ टक्का ठरवलात, म्हणजे गिगाबिट पोर्टवर सेकंदाला १० मेगाबिट. त्यावर गेला की पोर्ट बंद, आणि ३०० सेकंदांनी आपोआप पुन्हा चालू.

मागच्या मंगळवारी चौदा नंबरचा पोर्ट असाच बंद पडला. जाऊन पाहिलं, तर पुन्हा तीच चूक, दुसऱ्या टेबलाखाली. शेजारच्या पीसीवर मुलं प्रॅक्टिकल करत होती, कुणाला काही कळलंही नाही. ती केबल हातात घेऊन उभा होतो, ताई, तेव्हा तुमचीच आठवण आली.

तुमचा,
लॅब असिस्टंट