बडोद्याच्या काकूंना, एका प्रोटॉनच्या हिशेबाबद्दल

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही 'पुरे रे' म्हणून विषय बदलता, म्हणून आता चारचौघांतच लिहितो. एमएस्सीला असताना दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी मी जे शिकलो, त्याची फी तुम्ही कधी घेतली नाहीत. निवृत्तीनंतरही तुमचं शिकवणं सुटलं नाही, हे आमचं भाग्य.

ट्रान्सहायड्रोजिनेज हे एन्झाइम मला तेव्हा निव्वळ उपद्व्याप वाटायचं. पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडीएच या रेणूकडून हायड्राइड, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन, घ्यायचा आणि एनएडीपी या त्याच्या भावंडाला द्यायचा, की त्याचं एनएडीपीएच होतं. दोन रेणूंत फरक एका फॉस्फेटचा, प्रमाण रेडॉक्स विभव (इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याचा कल) दोघांचं जवळपास सारखं, उणे ०.३२ व्होल्ट. मग मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात बसून ते यापायी प्रोटॉन का खर्च करतं?

तुम्ही म्हणालात, "पैसा एकच, पण भाजीचं पाकीट आणि घराच्या डागडुजीचं पाकीट कुणी एक करतं का? रेणूकडे बघू नकोस, गुणोत्तराकडे बघ." गुणोत्तर म्हणजे हायड्राइडने भरलेल्या आणि रिकाम्या रेणूंचं. एनएडीएच श्वसनसाखळीत, म्हणजे पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या साखळीत, सतत खर्ची पडतं. एनएडीपीएचचा साठा मात्र भरलेला लागतो, कारण ग्लुटाथायोन या पेशीच्या राखणदार रेणूला पुन्हा क्षपित करून, म्हणजे इलेक्ट्रॉन परत देऊन, घातक हायड्रोजन पेरॉक्साइडला आवर घालायचा असतो. भरलेल्या बाजूला आणखी भर घालायची तर जोर लागणारच. तो बाहेरून आत येणारा प्रोटॉन पुरवतो, हायड्राइडमागे साधारण एक.

मग ई. कोलाय हा जिवाणू काढलात. त्यात अशी दोन एन्झाइमं. पटलात बसणाऱ्यात इलेक्ट्रॉन धरायला ना फ्लेव्हिन हा मदतनीस रेणू ना लोह, हायड्राइड थेट एका निकोटिनामाइड कड्यावरून दुसऱ्यावर. पेशीद्रवात विरघळणाऱ्यात एफएडी हे फ्लेव्हिन असतं, प्रोटॉनशी त्याला देणंघेणं नाही. एनएडीपीएच जास्त झालं की ते हायड्राइड उलट एनएडीकडे वळवतं. पुस्तकात या दोघांची दोन ओळींत बोळवण केलेली होती. तुम्ही त्यांच्यावर सबंध संध्याकाळ घालवलीत.

आणि या एन्झाइमचा वेग प्रकाशाने मोजतानाचं ते ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचं कोडं! एनएडीएच आणि एनएडीपीएच दोन्ही तिथेच प्रकाश शोषतात. एक घटलं, दुसरं वाढलं, आकडा जागचा हलत नाही. एनएडीऐवजी त्याचा अ‍ॅसिटिलपिरिडिनवाला भाऊबंद घाल, अभिक्रिया उलट दिशेने चालव आणि ३७५ नॅनोमीटरला बघ, तिथे त्याचं शोषण वेगळं दिसतं, हे तुम्ही चहा गाळता गाळता सांगितलंत. आमच्या वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे मी उंदरांच्या कामात पडलो. सी५७बीएल/६जे हा जगभर वापरला जाणारा वाण. ट्रान्सहायड्रोजिनेज बनवणाऱ्या त्याच्या एनएनटी जनुकाचा तुकडाच गळालेला आहे, म्हणजे हे एन्झाइम त्याच्याकडे नाही. सी५७बीएल/६एन या त्याच्या भाऊबंद वाणात ते शाबूत. त्यामुळे बैठकीत कुणी चयापचयाचा निकाल मांडला की माझा पहिला प्रश्न, "जे की एन?" लोक वैतागतात. वैतागोत. २०१२ मध्ये माणसांतही याच जनुकातले बिघाड सापडले. अशा मुलांच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसं बनवू शकत नाहीत. ती बातमी वाचताना तुमचं 'गुणोत्तराकडे बघ' आठवलं.

तुमची हिरव्या पुठ्ठ्याची वही अजून माझ्याकडेच आहे. सध्या धाकटी बहीण त्यावरून अभ्यास करते आहे, तिची परीक्षा होईपर्यंत मागू नका.

तुमचा विद्यार्थी