तिवराचं पान चाखायला लावणारे सर

मा. संपादक,

वनस्पतिशास्त्राचे आमचे सर गेल्या आठवड्यात गेले. स्टाफरूममध्ये बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

नव्या मुलांना ते आधी पुस्तक उघडू देत नसत. ओहोटी पाहून ठाणे पूर्वेला खाडीवर न्यायचे, तिवराचं पान चाखायला लावायचे. खारट! मग सांगायचे, मुळांतून आत आलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलात हवा नाही म्हणून श्वसनमुळं वर काढतं. ती मुळं पायाखाली आली तर मात्र सर रागवायचे, आणि ते रागावलेले मी तेवढ्यापुरतेच पाहिले.

मी रुजू झाले तेव्हा वर्गात माझा आवाज फुटत नसे. सर मागच्या बाकावर येऊन बसायचे, विद्यार्थ्यासारखी टिपणं काढायचे. महिनाभर!

२०१५ मध्ये खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. दुसऱ्या वेळी निवृत्त असूनही ते पेढे घेऊन कॉलेजात आले होते. लोक रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात, तिवरांकडे कुणी बघत नाही, ही त्यांची खंत होती.

प्रयोगशाळेच्या दाराआड त्यांचे गमबूट अजून तसेच आहेत.

– एक सहकारी प्राध्यापिका, कोपरी, ठाणे पूर्व