लस पानात बनवा, गव्हाणीत टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकीय बदल केलेल्या वनस्पतींपासून जनावरांच्या लसी बनवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे. पण लेखकाचा उत्साह जिथे सर्वांत जास्त आहे, म्हणजे लसयुक्त चारा टाकला की गोठा सुरक्षित, सुई गेली आणि बर्फाची पेटीही गेली, नेमक्या त्याच जागी मला हरकत घ्यायची आहे. नोकरीची सारी वर्षे मी गुरांना लसी टोचण्यात घालवली, लाथाही पोटभर खाल्ल्या. सुई खरोखरच जाणार असेल तर सर्वांत आधी पेढे मीच वाटीन.

अडचण आहे ती मात्रेची. टोचताना अमुक गाईच्या अंगात किती लस गेली हे मला नक्की ठाऊक असते. चाऱ्याचे तसे नाही. दांडगी म्हैस मुसंडी मारून दोघींचा वाटा खाते, बुजरी कालवड उरल्यासुरल्या काड्या चघळते आणि जिच्या अंगात ताप आहे ती गव्हाणीला तोंडच लावत नाही. पानांतही लसीचे काम करणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण सारखे नसते. एका रोपात जास्त, शेजारच्यात कमी, कोवळ्या पानात वेगळे, जून पानात वेगळे. त्यात रवंथ करणाऱ्या जनावराचे पहिले पोट म्हणजे जंतूंनी गजबजलेली आंबवण्याची टाकीच. तिथे पोचलेले बरेचसे प्रथिन मोडून जाते. शिवाय तेच प्रथिन रोज तोंडावाटे मिळत राहिले, तर शरीर ते अन्न समजून त्याच्याकडे काणाडोळा करायला शिकण्याचा धोका असतो. मग लस दिल्याचे समाधान तेवढे पदरात पडायचे.

याचा अर्थ प्रयोग झालेच नाहीत असा नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आर्जेंटिनातल्या शास्त्रज्ञांनी लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे एक प्रथिन लसूणघासात तयार केले आणि ती पाने खाल्लेल्या उंदरांना संरक्षण मिळाले. उंदरांना. भारतीय शास्त्रज्ञांनी गुरांच्या बुळकांडी (रिंडरपेस्ट) रोगाच्या विषाणूचे प्रथिन भुईमुगात आणले. त्याची पाने खाल्लेल्या गुरांच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दिसली. ते निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. काम नक्कीच चांगले होते. पण २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले ते टोचायच्या लसींच्या बळावर. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशींवर वाढवून तयार केलेली लस, पुढे तिचाच उष्णता सोसणारा प्रकार आणि लस घेऊन वाड्यावस्त्यांवर पायपीट करणारी माणसे यांना ते श्रेय आहे.

लेखात जे दोन ओळींत उरकले, ते मला जास्त मोलाचे वाटते. पान जनावराला खाऊ घालायचे नाही, त्याचा उपयोग कारखान्यासारखा करायचा. तंबाखूच्या जातभाईंपैकी निकोटियाना बेंथामियाना नावाचे एक रोप यासाठी वापरतात. मातीतल्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूत हवे ते जनुक घालतात आणि निर्वात दाबाच्या साहाय्याने ते जिवाणू पानांत शिरवतात. आठवडाभरात पानांत प्रथिन साठते. मग पाने ठेचून ते शुद्ध करायचे आणि मोजून बाटलीत भरायचे. सुई राहते. बर्फाची पेटीही बहुधा राहतेच. मात्र संपूर्ण प्रक्रियेत रोगाचा जिवंत विषाणू कुठेच लागत नाही.

ही गोष्ट किती मोठी आहे ते लाळ्या-खुरकुताकडे पाहिले की कळते. आजची नेहमीची लस विषाणू मारून बनवतात, पण मारण्याआधी तो प्रचंड प्रमाणात जिवंत वाढवावा लागतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये हा रोग पुन्हा उद्भवला, तेव्हा आढळलेला विषाणू १९६७ च्या साथीतल्या जुन्या वाणाचा निघाला. तो वाण पर्ब्राइट येथील संशोधन संस्था आणि शेजारचा लसनिर्मिती कारखाना या दोन्ही ठिकाणी वापरात होता. चौकशीत बोट गेले ते आवारातल्या नादुरुस्त सांडपाण्याच्या नळांकडे. रोगापासून वाचवणाऱ्या आवारातूनच रोग बाहेर पडला!

दुसरा फायदा निदानाचा. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये डुकरांच्या स्वाइन फीव्हरवर, म्हणजे स्वाइन फ्लूपेक्षा अगदी वेगळ्या रोगावर, अशाच रोपांत बनवलेल्या लसीला मान्यता मिळाली. तिच्यात विषाणूचे एकच प्रथिन आहे. त्यामुळे लस दिलेल्या डुकराच्या रक्तात तेवढ्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, तर रोग होऊन गेलेल्यात इतर प्रथिनांविरुद्धचीही. साथीच्या काळात कोणाला मारायचे आणि कोणाला ठेवायचे हे ठरवताना या फरकाची किंमत कळते.

आता धोका. २००२ मध्ये अमेरिकेत प्रॉडिजीन कंपनीचे प्रकरण गाजले. डुकरांच्या पिलांच्या हगवणीवरील लसीसाठी जनुक घातलेला मका आदल्या वर्षी नेब्रास्कातल्या एका शेतात लावला होता. पुढच्या हंगामात तिथे सोयाबीन पेरले, आणि सांडलेल्या दाण्यांतून मका उगवायचा तसा उगवला. त्या मक्याचे अवशेष मिसळलेले ते सोयाबीन गोदामात गेले आणि सुमारे ५ लाख बुशेल (धान्याचे अमेरिकी माप) धान्य अडकून पडले. कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला; शिवाय ते सगळे धान्य विकत घेऊन नष्ट करण्याचा खर्च वेगळाच. आयोवात त्याच कंपनीमुळे १५५ एकरांवरचा मका उपटून जाळावा लागला. ज्याने एकदा तरी पीक काढले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. दाणा सांडणार, वारा पराग नेणार. म्हणून माझे मत कडक आहे. माणसे किंवा जनावरे जे पीक खातात, त्यात उघड्या शेतावर लस पिकवू नये. बंदिस्त काचघरात जरूर पिकवा. जपानमध्ये कुत्र्यांच्या हिरड्यांच्या आजारावरचे औषध स्ट्रॉबेरीत बनवतात, पण ते पूर्ण बंदिस्त जागेत.

आणि लेखकाने किमतीचा विषय काढायला हवा होता. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबड्यांच्या राणीखेत रोगावर तंबाखूच्या पेशींत बनवलेल्या लसीला मान्यता दिली. वनस्पतिजन्य लसीला मिळालेली ती जगातली पहिली मान्यता. ती लस बाजारात कधी आलीच नाही. येणार तरी कशी? राणीखेतची जुनी लस स्वस्त आहे, पिण्याच्या पाण्यातून अख्ख्या शेडला देता येते आणि गुणही येतो. तिच्याशी टक्कर घेण्यात हशील नाही. मेंढ्यांच्या निळ्या जिभेच्या रोगात मात्र जागा आहे, कारण तिथे जिवंत लसीतला विषाणूच पसरण्याची भीती असते. निकोटियाना बेंथामियानाच्याच रोपांत तयार केलेल्या, आत जनुकच नसलेल्या विषाणूच्या पोकळ कवचांनी मेंढ्यांना संरक्षण दिल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पुढचा लेख त्यावर आला आणि त्यात एका मात्रेचा खर्च व संरक्षण किती महिने टिकते हे दिले, तर माझ्यासारखे वाचक तो कापून जपून ठेवतील.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी