मेरेवर बसून राहिलेल्या म्हाताऱ्याकडून

चिरंजीवा,

तुझं नाव इथे लिहीत नाही. ‘काकानू, माझा नाव खंय घालू नकात’ असं तू दोनदा बजावलंस, तेवढं तरी मी ऐकतो. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. ज्यांनी त्या सकाळी मला फोनवर सबबी सांगितल्या, त्यांना तर ही ओळ वाचूनच कळेल.

माझ्या हातून जखमी झालेल्या डुकरामागे तू गेलास, त्याला तीन आठवडे झाले. आभार तिथल्या तिथे मानायला हवे होते, पण माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि तूही थांबला नाहीस, गुरं सोडायची आहेत म्हणून निघालास.

परवानगीच्या कागदावर तीन बंदूकवाल्यांची नावं होती: माझं, तुझं आणि माझ्या एका पुतण्याचं. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम 11 मध्ये आहे. ती मिळवायला काय काय करावं लागलं ते सांगत बसत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल आणि ते आभाराचं नसेल.

भाताने दाणा धरला आणि डुकरं उतरायला लागली. एका रात्रीत अर्धा कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, नांगर फिरवल्यासारखा. झाडावरच्या माळ्यावर चढणं माझ्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं, म्हणून मेरेच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आडोशाला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो. माझ्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. खोकला आला तर तो गिळून चार-चार तास माळ्यावर बसलेला हाच मी. आता खुर्चीत बसूनही पायाला मुंग्या येतात.

उजाडता उजाडता तो आला. एकटा, मोठा नर. वीस-बावीस पावलांवर आडवा उभा राहिला. तुझ्या वयात असा नेम मी झोपेत धरला असता. बार काढला आणि हात खाली यायच्या आधीच कळलं की बार छातीऐवजी मागे गेला. डुक्कर कोसळला नाही. पाठ वाकवली, एकदा कण्हला आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूला करवंदीच्या जाळीत शिरला.

तू जाणतोस, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. रक्त लालभडक, फेसाळ असलं तर फुप्फुसात लागलेलं असतं, जनावर फार लांब जात नाही. मेरेवर पडलेलं रक्त काळपट होतं आणि त्यात चोथा होता. म्हणजे पोटात. पोटात लागलेलं जनावर तासन् तास जिवंत राहतं. कुठेतरी जाळीत पडून राहतं, आणि जवळ गेलं तर अंगावर येतं.

असं एक मी सोडलंय. 1984 च्या पावसात. तिथेही डुक्करच होतं आणि तिथेही बार मागेच लागला होता. अंधार पडला, पाऊस कोसळत होता, बरोबरचे म्हणाले सकाळी बघू. सकाळी रक्ताचा थेंब उरला नव्हता. चौथ्या दिवशी वर गिधाडं फिरायला लागली तेव्हा कळलं कुठे पडलं होतं ते. (तेव्हा गिधाडं होती.) मधले किती दिवस ते जिवंत होतं, हा हिशोब मी चाळीस वर्षं करतोय. बायकोलाही हे कधी सांगितलं नाही. तुलाही नव्हतं सांगितलं, म्हणून इथे लिहितोय. त्या सकाळी माझे हात का थरथरत होते हे तुला कळावं. तुला वाटलं असेल, वयामुळे.

मग मी फोन लावायला लागलो. पुतण्या म्हणाला पाय मुरगळलाय. दुसरा म्हणाला नेटवर्क नाही, आणि हे सांगण्यापुरतं नेटवर्क त्याला होतं. रात्री जीपमधून रस्त्याकडेच्या रानात झोत मारत फिरणारे, ज्यांच्या मोबाईलमध्ये बंदुकीसकट पन्नास फोटो आहेत, त्यांच्यातल्या एकालाही विचारलं. तो म्हणाला, ‘जखमी डुकरामागे दिवसा कोण जातं, काका?’ दिवसा! एका कार्यालयातून उत्तर मिळालं की सापडला तर कळवा, पंचनाम्याला माणूस पाठवतो. सापडला तर.

पूर्वी बार ऐकला की वाडीतली तीस-चाळीस माणसं धावायची. कारण वाटा असायचा. बंदूकवाल्याला, रान उठवणाऱ्या हाक्याला, ज्याच्या कुत्र्याने अडवलं त्याच्या कुत्र्यालाही. आता परवानगीने मारलेलं जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता. पंचनामा करायचा आणि पुरायचं. वाटा गेला आणि माणसंही गेली. आमच्या वेळची एकजूट म्हणून आम्ही म्हातारे जे कौतुक सांगतो, त्यातली किती एकजूट आणि किती मटण होतं हे आता नीट मोजता येतं.

तुला मी शेवटी फोन केला, हेही कबूल करतो. तुझ्या वडिलांशी माझं बांधावरून वाजलं होतं आणि ते गेल्यावरही मी तुमच्या दारी आलो नव्हतो. तू आलास. पायात रबरी बूट, खांद्याला वडिलांची एकनळी. काय केलंत, कशाला केलंत, या वयात कशाला बसता, यातलं काही विचारलं नाहीस. विचारलंस, ‘बार खंय लागलो? पाठ वाकवल्यान काय?’ मी हो म्हटलं. ‘किती वेळ झालो?’ अर्धा तास. ‘मग अजून थांबया.’

आणि माझ्या खुर्चीशेजारी मेरेवर बसलास. तासभर. माझा जीव वर-खाली होत होता, पण तू बरोबर होतास. पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच गेलं तर ते उठतं आणि लांब जातं. थांबलं तर पहिल्या जागीच पडून राहतं. मी चाळीस वर्षं हे लोकांना सांगत आलो, आणि त्या दिवशी मीच तुला ‘जा, जा’ म्हणत होतो.

मग तू गेलास. शेवटच्या रक्तावर सागाचं पान, पानावर दगड. पुढच्या रक्तावर पुन्हा पान. जाळीच्या तोंडाशी तू दिसेनासा झालास. पाऊण तासाने व्हाळाच्या पलीकडून एक बार आला. एकच. त्यानंतर काही नाही. डुक्कर पडलं की तू, हे मला खुर्चीतून कळणार नव्हतं. आयुष्यात इतका वेळ मी कधी कान लावून बसलो नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तू जाळीतून बाहेर आलास. मी उभा राहिलो, हाक मारली, तू उत्तर दिलं नाहीस. बंदुकीची नळी जमिनीकडे होती. माझ्यापासून पाच-सहा पावलांवर थांबलास, बंदूक मधून मोडून उघडलीस, काडतूस काढून खिशात टाकलंस आणि रिकामी नळी माझ्या दिशेने धरलीस. नळीतून पलीकडचं आभाळ गोल दिसलं. मग बंदूक तशीच उघडी हातावर घेऊन माझ्याकडे आलास आणि तेव्हा म्हणालास, ‘गावलो, काकानू.’

आधी बंदूक उघडली, मग बातमी.

माझ्या वडिलांनी हे माझ्या कानशिलात मारून शिकवलं होतं. माणसासमोर येताना बंदूक उघडी आणि रिकामी, समोरच्याला दिसेल अशी. मग तो घरचा असो नाहीतर वैरी. कितीही घाई असो, कितीही मोठी शिकार पडलेली असो. मी माझ्या मुलाला शिकवलं नाही, तो मुंबईला गेला, त्याला बंदुकीत रस नव्हता. पुतण्याला शिकवलं, तो भरलेली बंदूक चहाच्या टेबलावर ठेवतो. मला वाटायचं हे आता माझ्याबरोबर जाणार. तुला हे तुझ्या वडिलांनी शिकवलं असणार. ज्यांच्याशी मी अकरा वर्षं बोललो नाही, त्यांनी.

त्यानंतरही तू एक गोष्ट केलीस. मी विचारलं, कुठे लागला होता. दुसऱ्या कोणी म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं असतं की चांगलाच लागला होता, जनावर दांडगं होतं. तू म्हणालास, ‘चार बोटां मागे. पण आता सुटलो तो.’ खोटं बोलला नाहीस आणि मला दुखवलंही नाहीस.

त्या चार बोटांचा मी विचार केला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय. 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आम्ही तरुण मंडळी चिडलो होतो. त्यानंतरही काही जनावरांसाठी परवाने मिळायचे, 1991 च्या दुरुस्तीने तेही संपले, तेव्हा पुन्हा चिडलो. आमचं रान, आमची शिकार, शहरातल्यांना काय कळतं, वगैरे. आज म्हणतो, बरं झालं. आम्ही थांबलो नसतो. भेकराची मादी ओळखून सोडणारे माझ्या माहितीत दोन जण होते, आणि त्यातला एक मी नव्हतो. राहिली ती फक्त शेती संरक्षणाची बंदूक. तिचं तर अर्धं आयुष्य निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात गेलं. गेल्या नूतनीकरणाच्या वेळी कारकून म्हणाला, आता मुदत तीनऐवजी पाच वर्षांची आहे आजोबा, पुरेल ना? मी पुरवून दाखवतो म्हटलं होतं.

पुरवत नाही. गेल्या सोमवारी बंदूक ठाण्यात जमा केली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी उलटलेल्याला किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगलेल्याला वारसाच्या नावे परवाना मागता येतो. माझं दोन्ही भरतं. पण वारस म्हणजे नात्यातला, आणि नात्यातल्यांनी त्या सकाळी काय केलं ते वर लिहिलंय. तू कागदोपत्री माझा कोणी नाहीस.

वडिलांचा काडतुसांचा चामडी पट्टा मात्र घरी आहे. त्याला परवाना लागत नाही. बारा घरांपैकी दोन उसवली आहेत, बाकी चामडं अजून मऊ आहे, दर पावसाळ्यानंतर तेल लावत आलोय. दाराच्या मागे खुंटीला आहे. मी नसलो तरी दार उघडंच असतं. येताना तुझ्या आईलाही घेऊन ये, बांधाचं तिच्याशी बोलायचं आहे.

तुझा,
खुर्चीवाला काका