गणित येतं पण उदाहरण येत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की गणितात पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलांचे फोटो तुमच्या पेपरात येतात, बघून बरं वाटतं, पण आमच्या घरात गेले दोन महिने काय चाललंय ते सांगतो. नातवाला स्कॉलरशिपला बसवलंय, इथेच कोपरखैरण्यात एका क्लासला जातो. तिथे पोरांना एक झेरॉक्स दिलीय, कुठला शब्द दिसला की काय करायचं त्याची. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'जास्त' आलं की परत बेरीज. मी विचारलं, तुझ्याकडे १२ गोट्या आहेत, त्या दादापेक्षा ४ ने जास्त आहेत, तर दादाकडे किती? लगेच उत्तर, १६! म्हटलं अरे मग दादाकडेच जास्त झाल्या की. तर म्हणतो, आजोबा 'जास्त' आहे ना त्यात, मग बेरीजच करायची.

दुसऱ्या दिवशी विचारलं, पिकनिकला १३० मुलं, एका बसमध्ये ४०, बस किती लागतील? भागाकार एकदम सुंदर मांडला आणि खाली उत्तर '३ बस, बाकी १०'. आता ही बाकीची दहा पोरं काय वाशी स्टेशनवर सोडून जायची का? पण एकट्या आमच्या पोराचं हे नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना असंच विचारलं होतं, ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती. ३२ असं बरोबर उत्तर २३ टक्के मुलांचं आलं आणि '३१ बाकी १२' लिहिणारे निघाले २९ टक्के!

मी काही मास्तर नाही, एपीएमसी मार्केटात दिवाणजी होतो, हिशोब लिहिण्यात जन्म गेला. तिथे ४८ गोणी, गोणीला ५२ किलो म्हटलं की पेन उचलायच्या आधीच डोक्यात यायचं की अडीच हजाराच्या आसपास बसणार, आणि कागदावर २४९६ च्या जागी २४९६० आलं तर हात तिथेच थांबायचा. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्येच लिहून ठेवलंय, आधी प्रश्न समजून घे, मग बेत ठरव, मग कर, आणि शेवटी मागे वळून बघ. ते शेवटचं म्हणजे आमच्या वेळचे गुरुजी ओरडायचे तेच हो, 'ताळा केलास का रे?'

सोसायटीच्या गणपतीत कॅरमला दहा पोरांची नावं आली, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर मॅच किती? नातू आधी म्हणाला १००, मग ९०. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं दहाचं राहू दे, तिघंच आहेत असं धर. त्याने टिंबं काढली, रेघा जोडल्या, ३ आल्या. चौघांच्या ६, पाच जणांच्या १०. मग बराच वेळ पेन्सिल चावत बसला आणि एकदम ओरडला, नवीन आलेला पोरगा आधीच्या सगळ्यांशी खेळणार ना आजोबा! आलं ४५. (एवढ्या मॅच दीड दिवसात कोण खेळवणार, शेवटी नॉकआउट ठेवलं, त्याला ९ च लागतात कारण दर मॅचला एक जण घरी जातो, हेही त्यानेच सांगितलं.) या सगळ्याला पाऊण तास गेला. क्लासच्या सरांना सांगायला गेलो तर म्हणाले काका, पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, एवढा वेळ कुठून आणायचा. त्यांचंही खोटं नाही, पण परीक्षेतली घाई वर्षभर रोज कशाला करायची?

तुमच्याकडे एकच मागणं आहे. मुलांच्या पानावर तुम्ही कोडं देता आणि खाली बारीक अक्षरात उलटं उत्तर छापता. पोरं पेपर फिरवून आधी तेच बघतात, आमचाही तेच करतो. त्यापेक्षा उत्तर पुढच्या आठवड्यात द्या, आणि नुसता आकडा नको, पोरांनी कसं सोडवलं ते मागवा आणि दोन वेगवेगळ्या रीती छापा, एखादी चुकलेली पण छापा, कुठे गाडी घसरली ते दाखवून. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य थोडं आखडतं घ्या.

आपला,
एक आजोबा, कोपरखैरणे, नवी मुंबई